कानशिलाच्या हाडाचा स्कॅन: सोलापुरातील एका निदान केंद्राचे परीक्षण

गुडघ्याचा एमआरआय किंवा पोटाची सोनोग्राफी कोठे करावी, असे सोलापुरात कोणालाही विचारले तरी चार नावे तोंडपाठ सांगितली जातात. कानशिलाच्या हाडाचा, म्हणजे डॉक्टर ज्याला टेंपोरल बोन म्हणतात त्याचा, स्कॅन कोठे चांगला होतो हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. कारण तो चांगला झाला की नुसताच झाला, हे ओळखण्याची कोणतीही खूण रुग्णाच्या हाती नसते. फिल्म काळी-पांढरीच असते, अहवाल इंग्रजीतच असतो आणि पावतीवरची रक्कमही सगळीकडे जवळपास सारखीच असते. माझ्या वहिनींच्या उजव्या कानाच्या दुखण्यानिमित्त शहरातील एका खासगी निदान केंद्राशी आमचा संबंध आला, आधी शस्त्रक्रियेपूर्वीच्या सीटी स्कॅनसाठी आणि पुढे वर्षभराने एमआरआयसाठी. त्या केंद्राचे हे परीक्षण आहे. नाव मी देत नाही, कारण पुढे काही तक्रारी नोंदवल्या आहेत आणि त्यांतील बऱ्याचशा इतर केंद्रांनाही लागू पडतील अशा आहेत. माझे मत आधीच सांगून टाकतो: सीटी स्कॅन उत्कृष्ट होता, अहवाल जाणकाराने सांगितलेला पण निष्काळजीपणे टंकलिखित केलेला होता, आणि एमआरआय पहिल्या खेपेस चुकीच्या पद्धतीने काढला गेला. या तिन्ही गोष्टींचा यंत्राच्या किमतीशी काडीचाही संबंध नव्हता.

वहिनींचा कान लहानपणापासून फुटलेला. सर्दी झाली किंवा डोक्यावरून पाणी घेतले की तो वाहायचा, चार दिवस कापूस घातला की थांबायचा, आणि घरात कोणी त्याला आजार समजत नसे. गेल्या काही वर्षांत स्राव कमी झाला, पण त्याला कुजकट वास येऊ लागला, ऐकू येणे घटले, आणि मग कान पुसताना बोट जरा आत दाबले गेले तरी भोवळ येऊ लागली. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली कान साफ करून पाहिला, पडद्याच्या वरच्या भागात पांढऱ्या पापुद्र्यांनी भरलेला खिसा असल्याचे सांगितले आणि कोलेस्टिॲटोमाचा संशय व्यक्त केला. या आजारात कातडी जिथे असायला नको तिथे, म्हणजे मध्यकर्णात, वाढते. तिचे मृत पापुद्रे साचत जातात आणि त्या गाठोड्याच्या दाबाने व सभोवतालच्या दाहाने शेजारचे हाड झिजू लागते. स्राव थोडा आणि दुर्गंधी जास्त, हे त्याचे नेहमीचे रूप आहे. कान जोराने वाहत नाही म्हणून घरचे निश्चिंत राहतात आणि आत हाड कुरतडले जात असते.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर नुसते ‘एचआरसीटी टेंपोरल बोन’ (कानशिलाच्या हाडाचा बारीक कापांचा सीटी स्कॅन) असे लिहून आम्हाला वाटेला लावले नाही. कोणता कान, आधी शस्त्रक्रिया झाली आहे का, भोवळ कशाने येते, आणि नेमके काय पाहायचे आहे, हे त्यांनी आपल्या हाताने लिहिले: तोल सांभाळणारी आडवी अर्धवर्तुळाकार नलिका उघडी पडली आहे का, चेहऱ्याच्या नसेवरचे हाडाचे आवरण शाबूत आहे का, कान आणि मेंदू यांमधले छत टिकून आहे का, रिकीब हे ऐकण्याचे इवलेसे हाड शिल्लक आहे का. पुढे हातात आलेल्या अहवालाचा निम्मा दर्जा या चिठ्ठीने ठरवला होता, असे मी म्हणेन. ‘कानदुखी’ एवढाच शब्द लिहिलेली चिठ्ठी घेऊन येणाऱ्या रुग्णाला उत्तरही तेवढेच मोघम मिळते, आणि त्याचा सगळा दोष स्कॅन केंद्रावर टाकता येत नाही.

हे प्रश्न इतके बारीक का, हे समजायला त्या हाडाची रचना थोडी तरी माहीत हवी. कवटीच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या मागे आणि आत पसरलेले हे हाड शरीरातील सर्वांत गुंतागुंतीच्या हाडांपैकी एक आहे. ऐकण्याची हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडे, अडीच-पावणेतीन वेढ्यांची, ऐकण्याचे काम करणारी शंखाकृती कॉक्लिआ, तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका, चेहऱ्याची नस, मेंदूकडे जाणारी कॅरोटिड रोहिणी आणि मेंदूतून रक्त परत आणणाऱ्या मोठ्या नीला या सर्वांचा संसार एवढ्याशा जागेत चालतो. रिकिबीची उंची साधारण तीन मिलिमीटर, आणि तिच्या तळपट्टीची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. पोटाचा किंवा डोक्याचा नेहमीचा स्कॅन पाच मिलिमीटर जाडीच्या कापांत पाहिला, तर अख्खी रिकीब एकाच कापात हरवून जाईल. म्हणून या तपासणीत काप अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरच्या आतले असावे लागतात, आणि प्रतिमा हाडासाठी असलेल्या तीक्ष्ण गणितपद्धतीने तयार कराव्या लागतात.

पूर्वी हे सारे एका एक्स-रेवर भागवले जात असे. वहिनींच्या माहेरी जपून ठेवलेल्या कागदपत्रांत त्यांच्या शाळकरी वयातला कानामागच्या हाडाचा, शुलर पद्धतीने, म्हणजे बाजूने तिरका काढलेला एक्स-रे निघाला. त्यावर उजव्या बाजूचे हाड भरीव आणि डाव्या बाजूचे पोकळ कप्प्यांचे आहे, एवढेच काय ते कळते. निरोगी कानामागचे हाड मधाच्या पोळ्यासारखे असंख्य हवेच्या कप्प्यांनी भरलेले असते, आणि लहानपणापासून आजारी असलेल्या कानात ते कप्पे तयारच होत नाहीत किंवा बुजतात. आजही एखादा वयस्क रुग्ण ‘आधी साधा एक्स-रेच काढू’ म्हणतो, तेव्हा त्याचे पैसे वाचत नाहीत. नंतर सीटी स्कॅन करावाच लागतो.

आता प्रत्यक्ष केंद्राविषयी. वेळ ठरवून गेलो असल्याने फार थांबावे लागले नाही. आत जाण्यापूर्वी एका परिचारिकेने वहिनींच्या कानातल्या कुड्या, बुगड्या, केसांतल्या पिना आणि गळ्यातले मंगळसूत्र काढून घेतले, कृत्रिम दात किंवा श्रवणयंत्र आहे का ते विचारले. वहिनी बुगडी काढायला तयार नव्हत्या. लग्नात घातलेली ती कधी निघालीच नव्हती आणि फिरकी पार घट्ट बसली होती. तेथील तरुण टेक्निशियनने घाई न करता साबणाचे पाणी लावून ती सोडवून दिली आणि म्हणाला, “मावशी, ही राहिली असती तर फोटोत तिचेच किरण पसरले असते, आतलं हाड दिसलंच नसतं.” हे अगदी खरे आहे. धातूमुळे प्रतिमेवर पांढरे-काळे पट्टे उमटतात, आणि कानाच्या स्कॅनमध्ये दागिना नेमका पाहण्याच्या जागेवरच असतो. इतर काही ठिकाणी ‘राहू द्या, चालतंय’ म्हणून वेळ मारून नेली जाते, असे ऐकले आहे.

टेबलावर झोपवल्यावर त्याने वहिनींची हनुवटी छातीकडे थोडी झुकवली, डोके दोन्ही बाजूंनी सारखे आहे का ते लेसरच्या रेषेवर पाहिले आणि पट्ट्याने स्थिर केले. हनुवटी खाली घेण्यामागचा हेतू डोळ्याचे भिंग किरणांच्या वाटेतून शक्य तेवढे बाहेर ठेवणे हा असतो, कारण भिंग किरणोत्साराला नाजूक असते. आणि डोके सरळ हवे, ते यासाठी की उजवा व डावा कान एकाच कापात समोरासमोर ताडून पाहता यावेत. “आता गिळायचं नाही, बोलायचं नाही, डोळे मिटून पडून राहायचं,” एवढे सांगून तो बाहेर गेला, आणि काही सेकंदांत काम आटोपले. शिरेतून कोणतेही औषध दिले नाही. कोलेस्टिॲटोमासाठी हाड पाहायचे असते, त्यासाठी कॉन्ट्रास्टची गरज नसते. संसर्ग मेंदूकडे पसरल्याचा किंवा नीलेत रक्ताची गुठळी झाल्याचा संशय असेल तर गोष्ट वेगळी. कॉन्ट्रास्ट दिले की पावती वाढते, हे लक्षात घेतले म्हणजे न देण्याचे मोल कळते.

येथे एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. दादा, म्हणजे माझे थोरले बंधू, यांनी उभे आयुष्य यंत्रमागाच्या खडखडाटात काढले आहे. टॉवेलच्या कारखान्यात काम केलेल्या सोलापूरकरांना हे वेगळे सांगायला नको: मागावरचा माणूस घरीही ओरडूनच बोलतो. दादांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येते, आणि समोर एवढे मोठे यंत्र पाहून त्यांना राहवले नाही. “आलोच आहे तर माझेबी दोन्ही कान बघून घ्या की,” असे ते थेट रेडिओलॉजिस्टनाच, म्हणजे स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांनाच, म्हणाले. पैसे देणारा गिऱ्हाईक समोर उभा असताना डॉक्टरांनी त्यांना शांतपणे बसवून सांगितले, “काका, आवाजाने कान गेला की बिघाड आतल्या केसांएवढ्या बारीक पेशींत होतो. तो हाडाच्या फोटोत दिसत नाही. तुम्ही आधी ऑडिओग्राम काढा.” दादांनी पुढे तो श्रवणचाचणीचा आलेख काढला, आणि त्यात चार हजार हर्ट्झच्या सुमारास आवाजाच्या माऱ्याने पडणारा नेहमीचा खड्डा स्पष्ट निघाला. ज्या शहरात मागांच्या आवाजाने बहिरे झालेले कामगार घरोघरी आहेत, त्या शहरात केंद्राने मनात आणले असते तर अशा स्कॅनचा धंदा सहज चालवता आला असता. या केंद्राविषयी माझ्या मनात जो आदर आहे, त्याचा मोठा भाग या नकारामुळे आहे.

किरणांच्या मात्रेची भीती दादांनाही होती आणि वहिनींनाही. प्रौढ माणसाच्या कानशिलाच्या सीटी स्कॅनमध्ये शरीराला मिळणारी प्रभावी मात्रा साधारणतः एक मिलिसीव्हर्टच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. जमीन, हवा आणि आकाश यांतून माणसाला वर्षाला जगभरात सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळतच असते. म्हणजे कारण असेल तर घाबरण्याजोगे काही नाही, आणि कारण नसेल तर एवढीसुद्धा कशाला घ्यायची, हे दोन्ही खरे. लहान मुलांच्या बाबतीत दुसरे वाक्य अधिक लक्षात ठेवावे. स्कॅनच्या खोलीच्या दारावर किरणोत्साराचे चिन्ह, भारतीय भाषांतील सूचना, गर्भवती महिलांनी आधी सांगावे हा फलक आणि गर्भलिंगनिदान केले जात नाही ही सूचना, हे सर्व जागच्या जागी होते.

अहवाल दुसऱ्या दिवशी मिळाला. तो मी आमच्या डॉक्टरांसमोर बसून ओळीने समजून घेतला, आणि त्यामुळे चांगला अहवाल कसा असतो याची मला प्रथमच कल्पना आली. त्यात उजव्या कानाच्या पडद्यावरच्या पोकळीत मऊ पदार्थ भरल्याचे, पडद्याच्या वरच्या कडेला असणारे स्क्यूटम नावाचे टोकदार हाड बोथट झाल्याचे आणि ऐरणीचा लांब पाय झिजून नाहीसा झाल्याचे लिहिले होते. स्क्यूटमची झीज ही या आजाराची अगदी सुरुवातीची खूण मानतात, आणि तीन हाडांपैकी ऐरणीचा लांब पाय सर्वांत आधी बळी पडतो. त्यानंतर चिठ्ठीतल्या प्रत्येक प्रश्नाला स्वतंत्र उत्तर होते. आडव्या नलिकेवरचे हाड दोन्ही दिशांच्या कापांत उघडे दिसत होते. कान दाबल्यावर भोवळ का येते, याचे कारण सापडले. मेंदूकडचे छत पातळ पण अखंड होते. चेहऱ्याच्या नसेविषयी मात्र ‘मध्यकर्णातील भागात आवरण विरळ भासते, शस्त्रक्रियेच्या वेळी पडताळावे’ असे सावध वाक्य होते. मला ते पळवाटेसारखे वाटले, पण डॉक्टरांनी त्याचे समर्थन केले: त्या भागातले हाड मुळातच इतके पातळ असते की चांगल्या कानातही ते स्कॅनवर नसल्यासारखे दिसू शकते, आणि अशा जागी ठाम विधान करणारा रेडिओलॉजिस्ट अधिक धोकादायक.

सीटी स्कॅनची एक मर्यादाही अहवालात प्रामाणिकपणे नोंदवली होती. मध्यकर्णात भरलेला मऊ पदार्थ कोलेस्टिॲटोमा आहे, दाहाने वाढलेले मांस आहे की नुसता द्रव आहे, हे सीटी स्कॅन खात्रीने सांगू शकत नाही. तिन्ही राखाडीच दिसतात. पदार्थाच्या भोवतालचे हाड झिजले असेल तर संशय बळावतो, एवढेच. सीटी स्कॅनचे जनक हॉन्सफील्ड यांच्या नावाने घनतेची जी मोजपट्टी वापरली जाते तिच्यावर हवा उणे १०००, पाणी ० आणि हाड शेकड्यांपासून दोन-तीन हजारांच्या घरात असते. कानाच्या स्कॅनमध्ये हाड आणि हवा यांतला फरक नीट दिसावा म्हणून सुमारे ४००० एककांची रुंद खिडकी ठेवतात, आणि त्या रुंदीत मऊ पदार्थांमधले बारीक फरक पुसले जातात. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ले रुग्णालयात सीटी स्कॅनने पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला गेला आणि १९७९ मध्ये हॉन्सफील्ड व कॉरमॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले; तेव्हापासून काप कितीतरी पटींनी पातळ झाले, पण ही अडचण तंत्राच्या स्वभावातच असल्याने गेली नाही.

मागितले नसताना केलेली एक गोष्टही येथे नोंदवतो. चिठ्ठीत भोवळ हा शब्द असल्याने रेडिओलॉजिस्टनी वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेच्या प्रतलात, म्हणजे तिरक्या दिशेनेही प्रतिमा तयार करून ठेवल्या होत्या. त्या नलिकेवरचे हाडाचे छप्पर नसल्याने मोठ्या आवाजाने किंवा दाबाने चक्कर येते, असा विकार १९९८ मध्ये लॉइड मायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णन केला. तो तिरक्या कापांशिवाय ओळखणे किंवा नाकारणे अवघड असते. वहिनींना तो नव्हता. पण तो नाही हे कोणीतरी आपणहून पाहिले होते.

आता तक्रारी. पहिली टंकलेखनाची. अहवालाच्या मजकुरात सर्वत्र उजवा कान होता आणि शेवटच्या निष्कर्षात डावा. ज्या अवयवाच्या दोन बाजू आहेत त्याच्या अहवालात अशी चूक क्षम्य नाही, कारण घाईतला माणूस निष्कर्षच वाचतो. आम्ही परत गेलो तेव्हा काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने ‘टायपिंग मिस्टेक आहे, पेनाने दुरुस्त करून देतो’ असे सुचवले. आम्ही आग्रह धरल्यावर नव्याने छापून, सही होऊन अहवाल मिळाला, पण जुनी प्रत परत घ्यावी हे कोणाला सुचले नाही. ती मीच फाडली.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे, आणि ती बहुतेक रुग्णांच्या लक्षातही येत नाही. केंद्राने दिलेल्या मोठ्या फिल्मवर टपाल तिकिटाएवढी चित्रे होती, आणि सोबतच्या सीडीत तीन मिलिमीटर जाडीचे, मऊ पदार्थांसाठीच्या पद्धतीने तयार केलेले काप भरले होते. म्हणजे रेडिओलॉजिस्टनी ज्या पातळ कापांवरून निदान केले, ते रुग्णाला दिलेच नव्हते. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना अहवाल वाचून भागत नाही. त्यांना स्वतः एकेक काप वरखाली सरकवत नस कोठे वळते, कानामागची सिग्मॉइड नीला किती पुढे आली आहे आणि मेंदूचे छत किती खाली उतरले आहे हे पाहायचे असते, कारण ड्रिल त्यांच्या हातात असते. त्यांनी सीडी पाहताच ती बाजूला ठेवली आणि दोन्ही कानांचे वेगवेगळे मोठे करून तयार केलेले, हाडाच्या पद्धतीचे पातळ काप आणायला सांगितले. केंद्राने ते लगेच दिले, पण देताना टेक्निशियनने जे सांगितले ते प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे: यंत्रातली मूळ माहिती जागेअभावी काही दिवसांत पुसली जाते, आणि त्यानंतर नव्याने पातळ काप तयार करता येत नाहीत. आठवडाभर उशीर झाला असता, तर वहिनींना पुन्हा किरण घ्यावे लागले असते. सीडीत काय आहे हे केंद्रातून निघण्यापूर्वीच विचारावे. प्रश्न साधा आहे: “हाडाच्या पद्धतीचे पातळ काप, दोन्ही कानांचे वेगळे, यात आहेत ना?” तो विचारल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावरूनच बरेच काही कळते.

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. नलिकेवरचे हाड उघडे होते, चेहऱ्याची नस आवरणाखाली सुरक्षित निघाली आणि रिकीब शाबूत सापडली. कानाच्या नळीची मागची भिंत डॉक्टरांनी राखली होती. अशा शस्त्रक्रियेनंतर कान नैसर्गिक राहतो, पण भिंतीआड आजाराचा एखादा कण उरला तर तो बाहेरून दिसत नाही. पूर्वी यासाठी वर्षभराने कान पुन्हा उघडून पाहण्याची पद्धत होती. आता एमआरआयच्या डिफ्यूजन प्रकाराने अनेक रुग्णांची ती दुसरी शस्त्रक्रिया टळते. साचलेल्या पापुद्र्यांत पाण्याच्या रेणूंची हालचाल अडखळते आणि ती जागा प्रतिमेत चमकते. दाहाचे मांस किंवा व्रणाची ऊती तशी चमकत नाही. सीटी स्कॅनला जो फरक कळत नाही तो येथे कळतो.

मात्र त्यासाठी डिफ्यूजनची ‘नॉन-ईपीआय’ पद्धत वापरावी लागते. पक्षाघाताच्या रुग्णाचा मेंदू पाहण्यासाठी रोज वापरली जाणारी ईपीआय पद्धत वेगवान आणि उत्तम असली, तरी हवा आणि हाड जिथे एकमेकांना भिडतात तिथे तिची प्रतिमा वाकते आणि खोटी चमक उमटते. कान म्हणजे तर सगळा हवा आणि हाडाचाच मामला. शिवाय तिचे काप जाड असतात. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘नॉन-ईपीआय’ असे ठळक लिहून खाली रेघ मारली होती. तरीही केंद्राने, बहुधा त्या वेळी यंत्रावर असलेल्या टेक्निशियनच्या सवयीने, मेंदूचा नेहमीचा एमआरआय केला आणि ‘पुन्हा आजार आढळत नाही’ असा अहवाल दिला. डॉक्टरांनी तो वाचला आणि प्रतिमांची नावे पाहून पाच मिनिटांत बाजूला सारला.

केंद्रात परत गेल्यावर बोलाचाली झाली. काउंटरवरून ‘अहवाल नॉर्मल आहे, मग अडचण काय’ असे ऐकावे लागले. पण रेडिओलॉजिस्टपर्यंत प्रकरण पोहोचल्यावर त्यांनी चिठ्ठी आणि प्रतिमा समोर ठेवून पाहिल्या, विलंब न लावता दिलगिरी व्यक्त केली आणि पैसे न घेता तपासणी योग्य पद्धतीने पुन्हा करून दिली. यंत्र तेच, १.५ टेस्ला चुंबकशक्तीचे, ती पद्धत त्याच्यात आधीपासून होती, फक्त निवडायची होती. या खेपेस पडद्यावरच्या पोकळीत सुमारे पाच मिलिमीटरचा एक ठिपका स्पष्ट चमकला. पुढे दुसऱ्या, छोट्या शस्त्रक्रियेत तिथून मोत्याएवढा पांढरा गोळा काढण्यात आला. पहिल्या अहवालावर विसंबून राहिलो असतो तर तो आणखी काही वर्षे वाढत राहिला असता. एमआरआयलाही मर्यादा आहेत, हे त्याच वेळी डॉक्टरांनी सांगितले: सुमारे तीन मिलिमीटरपेक्षा लहान कण त्यात निसटू शकतो, आणि कानातला मळही क्वचित चमकून फसवतो. म्हणून स्कॅनच्या आधी कान साफ करून घेतलेला बरा, आणि स्वच्छ अहवाल आला तरी पुढची तपासणी सोडू नये.

शस्त्रक्रियेत कानात कृत्रिम हाड बसवले असेल, तर एमआरआयला जाताना त्याचे कार्ड किंवा शस्त्रक्रियेचा कागद सोबत असू द्यावा. आत काय बसवले आहे हे कळल्याशिवाय जबाबदार केंद्र रुग्णाला चुंबकाजवळ नेत नाही, आणि येथे त्यांनी तो कागद मागितला. यंत्राच्या ठोक्यांचा आवाज मोठा असतो, त्यासाठी कानात बोळे आणि वरून हेडफोन दिले. मूत्रपिंडाच्या तपासणीचा अहवाल त्यांनी आधी मागितला होता; कॉन्ट्रास्ट मात्र दिले नाही, कारण या प्रश्नासाठी त्याची आवश्यकता नव्हती. श्रवणाच्या नसेवरील गाठीचा संशय असेल तेव्हा ते लागते.

बाकी आजारांविषयी मला स्वतःचा अनुभव नाही, पण प्रतीक्षेच्या खोलीत बसून बरेच काही दिसले. मोटारसायकलवरून पडून कानातून रक्त आलेला तरुण, तोंड वाकडे झालेले मधुमेही आजोबा, आणि जन्मतः न ऐकणारे, मंगळवेढ्याकडून आणलेले दोन-अडीच वर्षांचे मूल. त्या मुलाच्या आईला आदल्या रात्री मुलाला उशिरापर्यंत जागे ठेवायला सांगितले होते, जेणेकरून ते दूध पिऊन आपोआप झोपेल आणि भुलीचे औषध टाळता येईल. सीटी स्कॅन झोपेत सेकंदांत उरकला. एमआरआयसाठी मात्र भूलतज्ज्ञ ठरलेल्या दिवशीच येतात असे कळले, आणि तिला पुन्हा एवढ्या लांबून यावे लागणार होते. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे आतल्या कानात बसवायचे ऐकण्याचे उपकरण, बसवण्यापूर्वी आतला कान नीट घडला आहे का हे सीटी स्कॅनवर, आणि श्रवणाची नस आहे का हे एमआरआयवर पाहावे लागते; दोन्ही तपासण्या एकाच दिवशी बसवणे केंद्राला अशक्य नसावे.

सीटी स्कॅनला साडेतीन हजारांच्या आसपास आणि एमआरआयला त्याच्या दुपटीहून थोडे अधिक लागले. दरपत्रक भिंतीवर होते आणि पावती न मागता मिळाली. ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांनी आधी ‘सिव्हिल’मध्ये चौकशी करावी आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपले प्रकरण बसते का, हे तेथील आरोग्यमित्रांना विचारावे. केंद्रातील कर्मचारी मराठीइतक्याच सहजतेने तेलुगू आणि कानडी बोलतात. इंडीकडून आलेल्या एका कुटुंबाला सर्व सूचना कानडीत मिळाल्या. संमतीपत्र मात्र फक्त इंग्रजीत आहे, आणि वहिनींनी ते न वाचताच सही केली, कारण वाचून दाखवायला कोणी थांबले नाही.

वेळ सकाळची घ्यावी. दुपारनंतर अपघाताचे रुग्ण आले की ठरलेली वेळ कोलमडते, आणि उन्हाळ्यात बाहेरच्या पत्र्याखालच्या बाकांवर बसणे वयस्क माणसाला सोसत नाही. पेन ड्राइव्हवर प्रतिमा द्यायला हे लोक तयार नाहीत, व्हायरसची भीती सांगतात. आमच्या डॉक्टरांच्या नव्या संगणकाला सीडीची खाच नव्हती, त्यामुळे दर वेळी जुना लॅपटॉप शोधावा लागला. प्रतिमांची लिंक मोबाइलवर पाठवण्याची सोय आता सुरू केली आहे, पण ती मागितल्याखेरीज मिळत नाही, आणि त्या लिंकमध्येही पातळ काप टाकले आहेत का, हे पुन्हा विचारावेच लागते.